भुताला विचारायचा प्रश्न

“त्या मॅडमची बॅग ही काऊन धरून राह्यली व कमळा? मॅडमले हात नाई का?”

मनकर्णाबाई पुटपुटल्या खऱ्या, पण दुसऱ्या रांगेतलं पुटपुटणं पहिल्या रांगेला ऐकू जातंच. शेजारी बसलेल्या कमळानं त्यांचा पदर ओढला. “हळू बोला जी बाई. पोरगी तुमचीच हाये. धरू द्या.”

“माझी कुठची आता!”

वडशाच्या कॉलेजचं सभागृह भरलं होतं. आजची सत्कारमूर्ती संघप्रिया मंचावर नागपूरहून आलेल्या रश्मी मॅडमना खुर्ची सरकवून देत होती, पाण्याची बाटली उघडून देत होती. हीच संघप्रिया कधीकाळी पहिलीपासून चौथीपर्यंत बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, काडीसारखी. आता ती डॉक्टर झाली होती. औषधवाली नव्हे, पुस्तकवाली. अमेरिकेतल्या बायकांनी लिहिलेल्या भुतांच्या गोष्टींचा तिनं पाच वर्षं अभ्यास केला होता. रश्मी मॅडम तिच्या मार्गदर्शक.

बाई त्या मॅडमकडे टक लावून पाहत होत्या. हातमागाची साडी, कापलेले केस, बारीक हसणं. आपण चौतीस वर्षं शिकवलं, पण आपल्याला कोणी मॅडम म्हटलं नाही. सगळ्या जन्माचं ‘बाई’. पोरीचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते आपण, आणि आज मंचावर बसली ती ही मॅडम.

आणि भुतांच्या गोष्टी तरी कोणाच्या? दर शनिवारी शेवटच्या तासाला बाईंच्या वर्गात भूत यायचंच. वामनराव, त्यांचे यजमान, चिडायचे, “घरात बुद्धवंदना, अन् शाळेत भूत सांगतं?” बाई म्हणायच्या, “भूत खोटं असंल जी, गोष्ट तर खरी हाये ना!” त्यांची एक पद्धत होती. गोष्ट संपली की प्रत्येक पोरानं भुताला एक प्रश्न विचारायचा. शिक्षकांच्या बैठकांत त्यांनी ही पद्धत इतक्यांदा सांगितली होती, की कोणी नवा मास्तर आला तरी त्याला ती ठाऊक असायची.

संघप्रिया बोलायला उभी राहिली. तिनं एक गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं घर. घरात दुसरी बायको येते. रोज भर दुपारी स्वयंपाकघरातली कपाटं आपोआप उघडतात, खण उपसले जातात. पहिली मेली तरी घर सोडत नाही म्हणून दुसरी जळते, कुढते. शेवटी एक दिवस ती कपाटाला पाठ लावून उभी राहते आणि विचारते, “काय शोधतेस?” पहिली शोधत असते स्वतःची पत्रं. तिनं माहेरी लिहिलेली, नवऱ्यानं टपालात कधीच न टाकलेली.

“घरात काय चाललंय ते त्या काळी बायकांना उघड लिहिता येत नव्हतं,” संघप्रिया म्हणाली. “म्हणून त्यांनी ते भुताच्या तोंडी घातलं. अशी गोष्ट वाचताना भ्यायचं नाही. भुताला प्रश्न विचारायचा. तुझं काय हिरावलं गेलं, म्हणून.”

रश्मी मॅडमनी अभिमानानं मान हलवली. त्या मानेकडे पाहत बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. माझं आहे हे, आणि मान ही हलवते!

“कोणाला काही विचारायचं आहे?” प्राचार्य गुणवंतरावांनी म्हटलं.

कमळा पदर धरायच्या आत बाई उभ्या राहिल्या. “मले विचाराचं हाये. भुताले प्रश्न विचाराचं हे तू कोनाच्या वर्गात शिकली? नागपूरले, का वडशाले?”

हशा पिकला. संघप्रियाही हसली. मग म्हणाली, “वडशाले, बाई. तुमच्याच वर्गात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणवंतरावांनी लगेच शिपायाला सत्काराची उरलेली शाल आणायला पिटाळलं. बाईंनी बसता बसता रश्मी मॅडमकडे पाहून घेतलं. त्या सगळ्यांहून जास्त टाळ्या वाजवत होत्या, याचाही बाईंना रागच आला.

“आयकलं का व कमळा?”

“आयकलं जी.” कमळा शाळेत खिचडी शिजवायची. शाळेतलं तिला सगळं आठवे. “वर्गात शिकली ते खरं. पन तुमी कुठी शिकवलं? तुमी तर तिले बाकावर उभी केली होती.”

“कवा?”

“बोडीच्या पान्याकाठच्या बाईची गोष्ट नाई का सांगत होत्या तुमी? येनाऱ्या-जानाऱ्याले मीठ मागते थे. हे पोरगी मधातच उठली अन् म्हने, ‘बाई, तिच्या घरी मीठ नव्हतं का? तिले उपाशी कोनं ठेवलं?’ मंग पोरं काही भ्यालेच नाई. गोष्टीचा पार चुथडा! तुमाले आला राग. सारे जेवले, ते उभीच. मी ताट घेऊन दोनदा आली, तुमी परत पाठवलं.”

बाईंना आधी खिचडीचं ताट आठवलं, मग बाकी सगळं. पुढच्या शनिवारी त्यांनीच वर्गाला सांगितलं होतं, आता प्रत्येकानं भुताला एक प्रश्न विचारायचा. त्या दिवसापासून ती त्यांची पद्धत झाली होती.

मंचावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या पायऱ्या चढल्या. गुणवंतराव शाल उलगडू लागले.

“थांबा जी सर.” बाईंनी शाल त्यांच्या हातातून काढून घेतली, माईक घेतला आणि जे घडलं ते सांगितलं. मीठ मागणारी बाई, पोरीचा प्रश्न, बाक, ताट. “शिकली ते पोरगी नाई, शिकली मी. अन् इतके वर्षं माझं म्हनून सांगत आली. शाल तिले द्या.”

रश्मी मॅडमनी हिला कधी बाकावर उभं केलं नसेल, हे बाईंना त्या घडीला सगळ्यांत जास्त सललं.

संघप्रिया जवळ आली. “मले वाटलं, तुमी इसरल्या असान.”

“इसरलीच होती. मघाशी मिरवत नव्हती का!” बाईंची नजर तिच्या पायांकडे गेली. “पाय दुखले असतीन तुझे.”

“दुखले. पन बाई, बसल्यावर नुसती भिंत दिसे. बाकावरून खिडकीच्या बाहेरचं दिसलं. बांधीत धानाचा रोवना चालू होता. दहा-बारा बाया वाकलेल्या, तोंडं नाई दिसत, पाठीच नुसत्या. त्याईतली माय कोनती, थेच मी शोधून राह्यली होती.”

“मंग? सापडली?”

संघप्रिया सांगू लागली. मनकर्णाबाई ती शाल दोन्ही हातांत धरून, तिला मध्ये न अडवता, ऐकत उभ्या राहिल्या.