बावीस डिसेंबरची संक्रांत

महादेवराव मरत नव्हते आणि शामलाकाकू त्याचा राग चुलीवर काढत होत्या. लाकडं अशी आपटत होत्या की आवाज भिंतीपलीकडे माझ्या घरात येत होता. मी भाकरीचं पीठ तसंच ठेवून शेजारी धावले.

"काय झालं वं काकू?"

"काय व्हायचं राहिलं? संक्रांत पाहिजे त्यायले! पाणी पोटात ठरत नाही, पाठ सडून राहिली, अन् म्हणतात उत्तरायण लागल्याबिगर जात नाही. दक्षिणायनात मेलं तं म्हणे वाट सापडत नाही. मले नाही पाहवत वं हे हाल!"

नागपूरच्या दवाखान्यानं महादेवरावांना दिवाळीनंतर परत पाठवलं होतं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाला की काय समजायचं ते कुणालाही समजतं. पण म्हातारा हट्टी. त्यांचा बाप संक्रांतीचा तिळगूळ खाऊन दुसऱ्या दिवशी गेला होता, आणि आपणही तसंच जायचं एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. कूस बदलताना ओरडू नये म्हणून तोंडात दुपट्टा कोंबायचे. घरात लेकरू नाही, उचलायला-धुवायला काकू एकट्या. त्यात थंडी मेली अशी की धुणं धुतलेले हात दुपारपर्यंत मिटत नव्हते, आणि जरा ऊन लागतंय म्हणेस्तोवर दिवस बुडायचा.

माझी वेदिका यंदा दहावीला. ती माझ्यामागून येऊन दारात उभी होती.

"आजी, सूर्य तं परवाच फिरून राहिला," ती म्हणाली. "बावीस तारखेले. सगळ्यात लहान दिवस तो. मंग तिथून दिवस वाढतच जाते. मॅडमनं शिकवलं आमाले."

"खरं सांगून राहिली का वं पोरी?"

"खरंच आजी."

काकूंनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मेघा, आपण परवाच संक्रांत केली तं?"

"काकाले पटन का पण?"

"सांगाचंच काहून? बाजेवर पडल्या माणसाले काय तारीख!"

मी नाही म्हणाले नाही. उमरेडच्या बाजारातून तीळ आणि गूळ आणला. कुंभाराची सुगडी अजून ओलीच होती, म्हणून काकूंनी घरातलंच एक लहान मडकं पुसून घेतलं. गल्लीतल्या चार बायांना खरं काय ते सांगितलं. एरवी या बाया कशावरही खिदळतात, त्या दिवशी कुणी हसली नाही. बावीसला सकाळी काकूंनी तीळ घातलेल्या ऊन पाण्यानं महादेवरावांचं अंग पुसलं, आणि आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून हळदीकुंकवाला हजर झालो.

"लागलं का वं उत्तरायण?" महादेवरावांनी विचारलं.

"लागलं जी. फिरला सूर्य."

काकूंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी मडकं नवऱ्याच्या हाताशी ठेवलं. त्यात ऊस, गाजर, बोरं, हरभरा, सगळं रीतसर. तिळगुळाची चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवली आणि बायांना घेऊन चहाला आत गेल्या. मी बाजेजवळ थांबले.

महादेवरावांनी मडक्यात हात घातला. बोर दाबून पाहिलं. मग हरभऱ्याची डहाळी काढून डोळ्यांजवळ नेली. आम्ही सगळ्या जन्मभर वावरात राबलेल्या बाया, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही! डहाळीला नुसती जांभळी फुलं होती. संक्रांतीला हरभऱ्याचे घाटे टच्च भरलेले असतात. जन्मभर हरभरा पेरणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

"मेघा, घाटे काहून नाही धरले वं?"

"यंदा... यंदा पेरा उशिरा झाला काका."

"हाव. उशिरा झाला." ते हसले. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. "तुही काकू लय थकली. बसल्या बसल्या झोपते, अन् मी कण्हलो की झोपेतच उठते. मी संक्रांत पाहीन, पण तोवर तुही काकू राहणार नाही. हे डहाळी ढोराले टाकून दे. अन् मले समजलं हे तिले सांगू नको."

मी डहाळी पदराखाली घेतली. काकू बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "तिळगूळ गोड झाला. आता जातो मी."

त्यानंतर त्यांनी पाणीही घेतलं नाही. दोन दिवसांनी सकाळी गेले.

त्यांचा धाकटा भाऊ चंपतराव कुहीहून आला. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानाला लागलं. तो तिथूनच ओरडला, "वहिनी, माह्या भावाले फसवलं तुमी! संक्रांतीपर्यंत दम नाही निघाला?"

"आजोबा, सूर्य खरंच फिरला—" वेदिका बोलू लागली.

"तुह्या शाळेतला सूर्य ठेव तुह्याजवळ!"

काकू ताठ उभ्या होत्या. डोळे कोरडे. "हाव भाऊजी, फसवलं. पाप माह्या डोक्यावर. पण माणूस समाधानानं गेला."

चंपतराव त्यांच्या अंगावर धावून आला. मला ते सहन झालं नाही.

"कोणी नाही फसवलं!" मी म्हणाले. "काकाले सगळं समजलं होतं. घाटे नाहीत हे पाहूनच समजलं. काकू थकली म्हणून आपल्या मनानं गेले ते. तिले सांगू नको म्हणाले मले!"

चंपतरावाची मान खाली गेली. बरी जिरवली, असं मला वाटलं.

काकू मात्र तिरडीजवळ मटकन बसल्या. दोन्ही हातांनी बांबू धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हुंदका फुटला.

"मले वाटलं त्यायची संक्रांत झाली," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी सोडून देल्ली वं त्यायनं! मले विचाराचं तं होतं. मी अजून उचललं असतं मेघा. कितीबी दिवस उचललं असतं."

चंपतरावानं वाकून त्यांची बोटं बांबूवरून सोडवली. मग आम्ही महादेवरावांना बाहेर काढलं.