कॉर्निशखालचं स्टेशन

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, ते विल्फ्रेड तुस्कानोकडे पाहिलं की पटायचं. अबुधाबीत आलेला माणूस गाडी घेतो, सोनं घेतो, गावी वसईला बंगला बांधतो. विल्फ्रेडनेही हे सगळं थोडंथोडं केलं. जीव मात्र त्याचा अडकला होता लंडनच्या बंद पडलेल्या भुयारी स्टेशनांत, आणि लंडन तर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

तो एका हॉटेलात खरेदी सांभाळायचा. त्याचा इंग्रज मॅनेजर नोकरी सोडून मायदेशी गेला तेव्हा फोटोंचं एक जाडजूड पुस्तक मागे टाकून गेला. विल्फ्रेडने ते घरी आणलं आणि बायकोच्या, म्हणजे पॉलिनच्या शब्दांत सांगायचं तर घरात सवत आली. पुस्तकात जमिनीखालचे रिकामे फलाट होते, टाइलांवर कधीकाळच्या जाहिराती होत्या, बंद पडलेली घड्याळं होती. गाड्या म्हणे अजूनही तिथून जातात, पण थांबत नाहीत. जेवण झालं की विल्फ्रेड चष्मा लावून त्या फलाटांवर फिरायला जायचा. त्या अंधारात बघण्यासारखं आहे तरी काय, असं पॉलिनने एकदा वैतागून विचारलं.

"तिथून कुणी निघून जात नाही, पॉली," तो म्हणाला.

"तिथे कुणी येतही नाही," पॉलिन म्हणाली आणि दिवा मालवून टाकला.

त्यांच्या बिल्डिंगपासून जवळच, कॉर्निशचा, म्हणजे किनाऱ्यालगतचा रस्ता ओलांडून समुद्राकडे जाण्यासाठी एक सबवे होता. पुढे सिग्नल झाला, लोक वरूनच जायला लागले आणि सबवेला कुलूप बसलं. जाळीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसायच्या, निळ्या टाइला दिसायच्या, पुढे काळोख. विल्फ्रेडला आणखी काय हवं? तिकडे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चमधला रविवारचा मासही शुक्रवारीच. मास आटोपला की मार्क आणि टेसा या दोन्ही पोरांना घेऊन तो जाळीपाशी थांबायचा आणि सांगायचा, की हे अबुधाबीचं स्टेशन. इथून गाड्या सुटायच्या. मग सगळ्यांनी मोटारी घेतल्या आणि स्टेशन बंद पडलं.

आता हे थापेबाजीचं काम खरं, पण थाप बसली होती चपखल. इथेच जन्मलेल्या पोरांनी या देशात आगगाडी कधी बघितली नव्हती, आणि सगळ्यांनी मोटारी घेतल्या हे तर रोज खिडकीतून दिसत होतं. चौथीत असताना टेसाला परीक्षेत देशातल्या वाहतुकीवर प्रश्न आला. पोरीने लिहिलं, की अबुधाबीत जमिनीखाली एक रेल्वे होती, पण पेट्रोल स्वस्त असल्यामुळे ती बंद झाली. टीचरने उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धा वर्ग लगेच हसला. उरलेल्या अर्ध्याला हसायचं का ते कळायला वेळ लागला, कारण त्यांनाही ते पटलं होतं.

पण त्या दिवसापासून टेसा जाळीपाशी थांबेना. "कम ऑन, डॅडी," म्हणत पुढे निघून जायची. विल्फ्रेडला लागलं ते. तो एकटाच घटकाभर थांबायचा आणि मग मागून चालत घरी यायचा.

तिकडच्या पोरांचं एक असतं, की बारावी झाली की त्यांना जावंच लागतं. जन्म तिथला असला तरी गाव तिथलं नसतं, आणि सगळा मुक्काम बापाच्या नोकरीवर. आधी मार्क पुण्याला गेला. त्याला सोडायला गेलेला विल्फ्रेड एअरपोर्टवर असा काही रडला, की एका पोलिसाने त्याला खुर्ची आणून दिली, आणि शेजारचं मल्याळी कुटुंब आपलं रडणं विसरून त्याचीच समजूत काढायला लागलं. घरी परतल्यावर त्याने जाहीर केलं, की यापुढे एअरपोर्टचं नाव काढायचं नाही.

आणि दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये टेसाची पाळी आली. टोरांटोला ॲडमिशन, तिकीट, बॅगा, सगळं झालं. विल्फ्रेडने महिनाभर आधीच सांगायला सुरुवात केली, की नेमकं त्याच दिवशी हॉटेलात स्टॉकटेकिंग आहे. पॉलिन चिडली, समजावून थकली, पण पालथ्या घड्यावर पाणी. टेसाने एकदाच विचारलं, "यू विल कम, ना डॅडी?" विल्फ्रेड फ्रिज उघडून आत काहीतरी शोधत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. बोलत होती, हसत होती, पण बापाकडे बघताना नजर दुसरीकडे वळवायला लागली.

त्याच आठवड्यात कॉर्निशवर रुंदीकरणाचे पत्रे लागले. सबवे बुजवणार असल्याचं विल्फ्रेडला कळलं आणि तो एवढंसं तोंड करून घरी आला. टेसाने त्याच्याकडे पाहिलं आणि पायात चपला घातल्या. "लेट्स गो."

जाळीचं कुलूप निघालं होतं. बाहेर पठाण वॉचमन बसला होता. टेसा सरळ त्याच्यापुढे उभी राहिली. "चाचा, ये मेरे डॅडी का स्टेशन है." बिचाऱ्याने पोरीकडे बघितलं, घामाघूम बापाकडे बघितलं आणि हात हलवला. "यल्ला, पाँच मिनिट. फिर खलास."

खाली गारवा होता, ओल्या सिमेंटचा वास होता. भिंतीवर ज्यूसची एक जुनी जाहिरात अर्धी फाटून लटकत होती. विल्फ्रेडने निळ्या टाइलवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांनी आत पाय पडला होता, पण त्याला आनंद काही होईना. टेसा कडेच्या कट्ट्यावर बसली.

"गाडी लेट आहे वाटतं," ती म्हणाली. मराठीत. घरात सगळं समजणारी पण उत्तर इंग्रजीतच देणारी पोर.

विल्फ्रेड तिच्या शेजारी टेकला.

"मार्कने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हा सबवे आहे. तरी मी पेपरात लिहिलं."

"का गं?"

"तू सांगितलं होतंस ना." ती पायाने फरशीवरची वाळू सारत होती. "मग सगळे हसले. मला हसले असते तर चाललं असतं. टीचरने विचारलं, हे कोणी सांगितलं? मी तुझं नाव घेतलं, आणि ते तुला हसले. म्हणून मी थांबायची नाही इथे."

विल्फ्रेडने खिशातला रुमाल काढला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, पोरीला आपली लाज वाटते.

टेसा उठली. "स्टेशनातून कुणी निघून जात नाही म्हणतोस ना? मी जाते. टाटा कर."

ती खरंच चालायला लागली. सरळ, न वळता, त्या काळोखातून पलीकडच्या पायऱ्यांकडे. विल्फ्रेडचा हात वर जाईना. ती पायऱ्या चढायला लागली, आधी डोकं उजेडात गेलं, मग खांदे, आणि आता नुसत्या चपला दिसत होत्या, तेव्हा कुठे त्याने हात वर केला आणि हलवला. हमसून हमसून रडत तो हात हलवत राहिला. तिथे ना पोलीस होता, ना खुर्ची.

"डॅडी, ये वर," पलीकडून हाक आली. तो गेला. समुद्राच्या बाजूला टेसा उन्हात उभी होती. तिचेही डोळे लाल झाले होते. तिने त्याचा ओला रुमाल घेतला आणि स्वतःचं नाक पुसलं.

स्टॉकटेकिंग आपोआप पुढे ढकललं गेलं. विल्फ्रेड इस्त्रीचा शर्ट घालून एअरपोर्टवर गेला. पासपोर्टच्या काउंटरपाशी टेसाने मागे वळून पाहिलं तेव्हा तो रडतच होता, पण उभा होता आणि त्याचा हात वर होता. पोलिसाने खुर्ची याही वेळी आणली. ती या वेळी पॉलिनच्या कामी आली.