पिलबागेचे मला विचारू नका

मित्रांनो, मी जुना आहे आणि दमलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला रंग नाही, वजन नाही. मी एक लहानसा प्रोग्रॅम आहे. एरंडोलजवळच्या एका केळीच्या पॅकिंग हाउसमधल्या संगणकात माझा मुक्काम असतो. बागेच्या लागवडीची तारीख मला द्यायची आणि मी कापणीची तारीख सांगायची, एवढेच माझे काम.

मला सारिकाने घडवले. तेव्हा ती इथे नवीनच लागली होती. ती स्वतःच मला तारीख द्यायची, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. मी फक्त नव्याने लावलेल्या बागेचा हिशोब जाणतो, हे तिला पाठ होते. पहिली कापणी झाली की त्याच खोडाशेजारच्या पिलातून, म्हणजे कोंबातून, दुसरे पीक येते. त्याला पिलबाग म्हणतात. ती पुन्हा लावावी लागत नाही, मग लागवडीची तारीख आणायची कुठून? पिलबागेचे काम निघाले की सारिका मला बाजूला ठेवायची आणि सरळ शेतकऱ्याला फोन लावायची. ते दिवस सुखाचे होते.

मग नवा सहायक आला. हा म्हणजे स्वतः प्रोग्रॅम लिहिणारी कृत्रिम बुद्धी. कोणत्या बागेत कापणी करायची, हे रोज सकाळी आपोआप मुकादमाच्या मोबाइलवर यावे, अशी मालक प्रेमराज नानांची हौस होती. सहायकाने माझ्यासारख्या लहानसहान प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडून ते काम उभे केले. मित्रांनो, हा सहायक हुशार खरा, पण त्याने मला कधी पाहिलेले नाही. माझ्याविषयी जे लिहून ठेवले असेल तेवढेच तो जाणतो. आणि माझ्याविषयी काय लिहिले होते? सारिकाने जेवणाच्या सुट्टीत, एक हात शेवभाजीच्या डब्यात ठेवून, एकच ओळ लिहिली होती: ‘लागवडीची तारीख द्या, कापणीची तारीख मिळेल.’ माझ्या जन्माची सारी कहाणी एवढ्यात आटोपली!

परीक्षाही झाली. सारिकाने सहायकाला प्रश्न विचारले. तो योग्य वेळी मला बोलावतो का, मला योग्य माहिती देतो का, हे तिने नीट तपासले. सगळी उत्तरे बरोबर आली. नानांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझे नाव घेऊन कौतुक केले. पण सारे प्रश्न नव्या बागांचेच होते. पिलबागेचे कोणाच्या मनातही आले नाही. जे सगळ्यांनाच ठाऊक असते ते कोण कशाला विचारील?

आमच्याकडे केळी देणाऱ्या शेतकरी सुंदरबाई एका चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या. त्यांची बाग पिलबाग होती. कापणी आमच्याच माणसांनी करायची, असे त्यांचे नानांशी ठरलेले होते. मे महिन्याच्या उन्हात त्यांनी ती पिले पोटच्या पोरांसारखी जपली होती. सहायकाला संगणकात त्या शेताची जुनीच लागवडीची तारीख सापडली. त्याने ती मला दिली. मी हिशोब केला आणि सांगितले, कापणीची वेळ केव्हाच होऊन गेली आहे. मला दुसरे काही येतच नाही हो!

कापणी करणाऱ्यांचा मुकादम समाधान याने घडाला अंगठा लावून पाहिला. तो घुटमळला.

“कवळा दिखस,” तो म्हणाला. मग त्याने मोबाइलकडे पाहिले. “पन ऑफिसमधून मेसेज येल शे. कापा.”

सुंदरबाई परतल्या तेव्हा एक अख्खी रांग जमिनीवर पडली होती. त्या रडल्या नाहीत. कोवळा घड मांडीवर घेऊन त्या तिथेच बसल्या. “हाई पिलबाग शे रे,” त्या म्हणाल्या. “माले कोन्ही इचारं का?”

त्या वेळेवर आल्या म्हणून बाकीची बाग वाचली. पण कापलेला घड पुन्हा झाडावर चढत नाही. मला त्या दिवशी फार बोलणी खावी लागली. “काढून टाका त्याला,” नाना म्हणाले.

“नाना, तो नाही चुकला,” सारिका म्हणाली. “त्याला काय येत नाही, तेच मी लिहिलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी ती सुंदरबाईंना ऑफिसात घेऊन आली. “अक्का, तुम्हीच विचारा त्याला,” ती म्हणाली.

सुंदरबाईंनी पदर सावरला आणि आपली बाग कापायला आली का, हे संगणकाला विचारले, “मनी पिलबाग कापाले उनी का?”

सहायकाने पुन्हा मलाच हाक मारली. सारिकाने माझी माहिती बदलून लिहिली. त्याने पुन्हा मलाच बोलावले. तिने पुन्हा लिहिले: ‘फक्त नव्या लागवडीसाठी. पिलबागेला हा वापरू नका, शेतकऱ्याला विचारा.’ या खेपेला सहायक थांबला. त्याने उलट सुंदरबाईंनाच विचारले, “अक्का, घड भरले का?”

तेव्हापासून कोणताही बदल झाला की सहायकाच्या परीक्षेत पहिला प्रश्न सुंदरबाईंचा असतो. त्या प्रश्नाला मला कोणी बोलावत नाही, आणि बोलावले नाही म्हणजेच सहायक पास.

मित्रांनो, आम्हाला कामाला जरूर जुंपा, तक्रार नाही. पण आम्हाला काय येत नाही, तेही लिहून ठेवा. आम्हाला स्वतःहून ‘नाही’ म्हणता येत नाही.

परवाच सहायकाने सुंदरबाईंना पुन्हा विचारले, बाग कापायला आली का?

“आजून नही,” त्या म्हणाल्या. “मी सांगसू.”

त्या दिवशी बागेत कोणी गेले नाही. मलाही कोणी उठवले नाही.