मीराबाईचा टोस्ट

"रुचिता, मैदा कुठं ठेवला बेटा?"

देवीदास रामटेके स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. रुचितानं वळून पाहिलं. सून म्हणून या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांना तिनं या दाराच्या आत कधी पाहिलं नव्हतं. प्यायचं पाणीही ते बाहेरच्या माठातून घेत.

"मैदे का क्या करोगे बाबूजी? मुझे बताओ ना, मैं बना देती हूँ."

"तुले सांगता नाही येणार मले. हातालेच माहीत हाये ते."

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. सकाळीच भनपुरीच्या बाजारात जाऊन त्यांनी मटार, दोन गाजरं, फुलकोबीचा एक लहानसा गड्डा, लोण्याची वडी आणि ब्रेड आणला होता. रुचितानं मैद्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला आणि बाजूला सरकली. देवीदासांनी चप्पल काढली, हात धुतले आणि आत आले.

बाहेर अंगणात मीराबाई खाटेवर पडून होती. जानेवारीचं ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. चार महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या हिरडीवरची गाठ काढली, मग तीस दिवस रेडिएशनचे शेक दिले. भंडाऱ्याहून लग्न होऊन रायपुरात आली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायांनी तिला गुडाखू, तंबाखू-गुळाचं मिश्रण, दातांना घासायला शिकवलं होतं. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा. "दात साफ होते अन् डोकं हलकं होते," असं ती म्हणायची. तीस-बत्तीस वर्षं घासली. आता तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं, आतली कातडी सोललेली, बोलणं जड झालेलं. आणि चव गेली होती. जे खाईल ते मातीसारखं लागायचं.

गेल्या बुधवारी समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस किलो. "पुढच्या बुधवारपर्यंत वाढलं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल," ते म्हणाले. मीराबाईनं ते ऐकलं आणि घरी आल्यापासून तोंड मिटलं. खिचडी नको, दलिया नको, दूध नको. दलियाची वाटी तिनं हातानंच दूर केली. "भिंतीले लावाचा चुना हाये हा," एवढंच बोलली. मुलगा यशदीप सिलतऱ्याच्या प्लांटमधून ड्यूटी करून आला की आईच्या उशाशी बसायचा, समजवायचा, शेवटी रागवायचा. ती डोळे मिटून घ्यायची.

देवीदासांनी मटार सोलले, गाजराचे आणि कोबीचे अगदी बारीक तुकडे केले आणि थोड्या पाण्यात शिजत ठेवले. तुकडे बोटानं दाबले की विरघळले पाहिजेत, इतके मऊ. दुसऱ्या शेगडीवर जाड बुडाच्या पातेलीत लोणी ठेवलं. ते फसफसून शांत झालं, तेव्हा त्यात दोन चमचे मैदा टाकला आणि हात फिरू लागला.

पस्तीस वर्षं हा हात असाच फिरला होता. देवीदास रेल्वेत खलाशी म्हणून, पडेल ते काम करायला, लागले आणि दोन वर्षांत अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या डब्यावर, सलूनवर, स्वयंपाकी झाले. तिथला म्हातारा कुक पांडुरंग नागपूरचा होता. पोराला बारक्याशा स्वयंपाकघरात उभं करून तो म्हणाला होता, "गाडी हलते तिकडं तू पण हल. तिच्याशी भांडला का गाठी झाल्याच समज." मैद्याचा कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलता कामा नये, दूध थंड घालायचं, पातेली उतरवून घालायचं, एकदम नाही, धारेनं, हे सगळं पांडुरंगानं शिकवलं. दिवसभर रुळांवरून पायी तपासणी करून थकलेले साहेब डब्यात परतले की हीच भाजी मागत. भाज्या, पांढरा सॉस, खाली टोस्ट. कोणी गुजराती, कोणी तमिळ, कोणी बंगाली. ती ताटली समोर आली की सगळे एकसारखे गप्प व्हायचे.

मीराबाई शेजारणींना सांगायची, "आमचे हे सलूनवर हायेत." एकदा शेजारच्या बाईनं दोन्ही पोट्ट्यांना केस कापायला पाठवलं होतं.

घरी मात्र देवीदासांनी कधी पळी हातात धरली नाही. त्यालाही कारण होतं. लग्नानंतर वर्षभरातलीच गोष्ट. एका साहेबांबरोबर त्यांच्या घरची पाहुणी सलूनमधून निघाली होती. टेबल लावताना तिनं विचारलं, "रामटेके म्हणजे कोण?" देवीदासांनी सांगितलं. ती काही वाईट बोलली नाही. फक्त म्हणाली, आज मला भूक नाही, आणि राजनांदगावला केळी मागवून घेतली. ती केळी देवीदासांनाच आणायला लागली. घरी आल्यावर त्यांनी हे मीराबाईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं पाट मांडला, माहेरून आलेलं पितळी ताट काढलं, भाकरी, झणझणीत वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाली, "आजपासून या घरात तुम्ही चुलीपाशी याचं नाही. दुनियेले वाढता ना? इथं मी वाढीन. तुम्ही बसून खा."

ते बसून खात आले. अडतीस वर्षं.

दुधाची धार सुरू झाली. सॉस आधी घट्ट झाला, मग सैल, मग सॅटिनसारखा. रुचिता भांडी घासायची थांबून बघत राहिली.

"एक भी गाँठ नहीं पड़ी बाबूजी."

"बोलू नको आत्ता."

त्यांनी शिजलेल्या भाज्या चमच्यानं थोड्या चेचून त्यात सोडल्या. दुधावरची साय घातली, किसणीवर जायफळ नुसतं टेकवलं. मिरी घ्यायला हात गेला आणि मागे आला. तोंडाला झोंबली असती. ब्रेडच्या कडा काढून त्यांनी स्लाइस तव्यावर एकाच बाजूनं भाजली. भाजलेली बाजू खाली ठेवली. वरची मऊ बाजू सॉस पिऊन घेईल आणि खालची त्याला धरून ठेवील. मग अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन कापले आणि एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला. कोमट होता.

मीराबाईला दुखण्याची गोळी दिलेली होती. ती गोळी घेतली की ती झोपायचीही नाही आणि पूर्ण जागीही नसायची. देवीदास खाटेशेजारी स्टुलावर बसले. रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती आणि खाटेखालची जमीन बारीक थरथरत होती.

"गाडी सुटली का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

देवीदास क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "हाव. सुटली."

"कुठं चालली?"

"दल्लीराजहऱ्याकडं."

"आपला डबा कोणता?"

"शेवटचा. सगळ्यात मागचा. मोठी खिडकी हाये त्याले."

"काय दिसते?"

देवीदासांनी समोर पाहिलं. दोरीवर यशदीपचा प्लांटचा निळा शर्ट वाळत होता. कुंपणाशी पेरू होता.

"रूळ दिसून राहिले," ते हळू बोलू लागले. "आपल्या पायाखालून निघतात अन् मागं मागं जातात. जवळ येत येत एक होऊन जातात. दोन्हीकडं सालचं जंगल हाये. सकाळचं धुकं अजून झाडातच हाये. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उभी हाये, गाडी जाऊ देऊन राहिली."

"थंडी वाजते का तिले?"

"शाल हाये तिच्याजवळ."

मीराबाईनं समाधानानं श्वास सोडला. देवीदासांनी पहिला चौकोन चमच्यावर घेतला आणि तिच्या ओठांशी नेला. "खा मीरा."

तिनं तोंड उघडलं. घास आत गेला. तिच्या गळ्याकडं ते बघत राहिले. गळा हलला नाही, हलला नाही, मग हलला. दारात उभ्या रुचितानं पदर तोंडाला लावला.

दुसरा घास. तिसरा. चौथ्याला मीराबाईनं डोळे उघडले. समोर चमचा धरलेला नवरा पाहिला, ताटली पाहिली. आता ती पूर्ण जागी होती.

"हे कोणं केलं?"

"मी."

"घरात गेले तुम्ही? चुलीपाशी?"

"गेलो."

तिनं मान भिंतीकडं वळवली. "मी नाही म्हटलं होतं तुम्हाले."

"हाव. म्हटलं होतं."

"मी का साहेब हाव?"

चमचा ताटलीत ठेवून देवीदास हात पुसत बसले. मग म्हणाले, "तू मले किती बार म्हटलं, एकदा सलून दाखवा म्हणून. यार्डात उभी राहे तेव्हा दाखवता आली असती. कोणी नाही म्हटलं नसतं. मीच नाही नेलं तुले."

"काहून?"

"तू पाहिलं असतं ना. ते लोक जेवून राहिले अन् मी दारापाशी हात बांधून उभा. घरी तू पितळी ताटात वाढे मले. तुले तसं दाखवाची हिंमत नाही झाली माही."

ऊन मीराबाईच्या कमरेपर्यंत आलं होतं. पेरूवर एक खार खाली-वर करत होती. मग तिनं शालीतून हात बाहेर काढला, बारीक, सुयांच्या डागांचा, आणि ताटली स्वतःकडं ओढली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "यशदीप पोटात होता तेव्हा मी आली होती स्टेशनावर. तुमचा डबा विसरला होता. खिडकीतून पाहिलं मी तुम्हाले."

"मंग हाक नाही दिली?"

"तुम्ही त्याइले वाढून राहिले होते. मान वर करून. मले वाटलं, तुमचंच घर हाये अन् तेच पाहुणे हायेत." तिनं बोटानं एक चौकोन उचलला. "डबा घेऊन परत आली मी. रस्त्यात बसून खाल्ला. भूक गजब लागली होती."

चौकोन तिनं तोंडात सरकवला. चावणं नव्हतंच, जिभेनं टाळूला दाबलं की झालं.

"कसं लागते?" देवीदासांनी विचारलं. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. कुकनं विचारायचा नसतो.

"चव तं येतच नाही मले काही. खोटं कायले सांगू?" ती थांबली. "पण टोचत नाही. गरम गरम आतमधे जाते. कोणी हात फिरवल्यासारखं."

त्या दुपारी तिनं नऊ चौकोन खाल्ले. रुचितानं मोजले आणि यशदीपला फोन करून सांगितले. संध्याकाळी आणखी सहा. दुसऱ्या दिवशी देवीदासांनी गाजर वगळून पालक घातला, तिसऱ्या दिवशी मक्याचे दाणे वाटून. रोज सकाळी अकराच्या सुमारास सासरे स्वयंपाकघरात येत आणि रुचिता आपण होऊन मागची शेगडी मोकळी करून ठेवी. पाचव्या दिवशी सॉस तिनं केला. देवीदास बाजूला उभे राहून फक्त "थांबू नको, थांबू नको" म्हणत होते. थोड्या गाठी झाल्या. मीराबाईनं तो सगळा खाल्ला आणि जड जिभेनं म्हणाली, "पोट्टीनं चांगलं केलं."

एक दिवस उलटी झाली. त्या दिवशी देवीदास स्वयंपाकघरात गेले नाहीत, अंगणातच फिरत राहिले. तिसऱ्या प्रहरी मीराबाईनंच विचारलं, "आज गाडी नाही का?"

बुधवारी ती दोघं समता कॉलोनीत गेली. दवाखान्यात शर्मिष्ठा नावाची नागपूरकडची नर्स होती. तिनं मीराबाईला चपला काढून काट्यावर चढवलं. एकोणचाळीस किलो सातशे. देवीदासांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. डॉक्टरांनी घसा पाहिला, मान हलवली. "ठीक आहे, नळी नको आत्ता. अजून एक आठवडा बघू. पुढचं पुढं." शेवटचे दोन शब्द ते फाइलकडे बघत बोलले, आणि देवीदासांनी ते ऐकले.

बाहेरच्या टेबलाशी शर्मिष्ठा फाइल भरत होती. "काय खातात आजी? लिहावं लागते मले."

"भाज्या, पांढऱ्या सॉसमधे," देवीदास म्हणाले. "टोस्टवर."

"बाप्पा! कोण करते घरी हे?"

देवीदासांनी तोंड उघडलं, पण मीराबाईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"रेल्वेचे मोठे कुक हायेत," ती एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली. "साहेब लोकाइले पस्तीस वर्षं जेवू घातलं त्याइनं. आता माह्याकडं असतात."

शर्मिष्ठानं त्यांची कापडी पिशवी पाहिली, झिजलेल्या चपला पाहिल्या, मग देवीदासांच्या लाल झालेल्या कानांकडं पाहिलं. ती हसली आणि काहीतरी लिहीत राहिली.

दवाखान्याबाहेर सिमेंटचा बाक होता. "बस इथं, मी ऑटो पाहतो," असं म्हणून देवीदास रस्त्याच्या कडेला गेले. दोन-तीन ऑटो भरलेलेच गेले. त्यांनी मागं वळून पाहिलं. मीराबाई डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकली होती. ऊन थेट तिच्या तोंडावर होतं, शिवलेल्या गालावर, आणि ती झोपली होती. नेहमीची गोळीची झोप नव्हती ती. तोंड किंचित उघडं होतं, मांडीवर हात उताणा पडला होता.

एक रिकामा ऑटो येऊन थांबला. "कहाँ जाना है चाचा?"

देवीदासांनी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं. मग बाकावर येऊन तिच्या शेजारी, तिला धक्का लागणार नाही इतक्या बेतानं बसले, आणि तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून फाइल उभी धरून राहिले.