दाताच्या डॉक्टरचा रकाना

“तीनदा गेल्ते मी रखमाजीकडं. लिही की मंग तसं,” सोनूबाई म्हणाली आणि बोलता बोलताच तिनं गाल तळहातात धरला.

रामकिसननं लिहिलं नाही. केदारखेड्यातलं हे एकशे बारावं, शेवटचं घर, आणि तेही त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. ओसरीवर पोतं टाकून तो बसला होता, मांडीवर छापील कागद. रामकिसन तालुक्याच्या कचेरीत नक्कलनवीस होता. म्हणजे साहेबांनी लिहायचं आणि यानं ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं, वीस वर्षं तेच. स्वभाव असा, की मूळ कागदात साहेबांच्या हातून चूक राहिली तर हा गडी तीसुद्धा जशीच्या तशी उतरवणार. चूक सुधारणं आपलं काम नव्हे, असं वर छाती काढून सांगणार. आता अशा माणसाला काय म्हणावं!

त्या साली निजामाच्या राज्यात फर्मान सुटलं होतं, की घरोघर फिरून रयतेच्या तब्येतीची माहिती गोळा करा, आणि केदारखेडा रामकिसनच्या वाट्याला आलं होतं. पावसाळा सरला की दातांचा एक डॉक्टर खुर्ची नि हत्यारं घेऊन तालुक्यात येणार होता आणि आठ दिवस एकाच गावी बसणार होता. कुठल्या गावी, ते या कागदांवरून ठरायचं होतं. त्या उर्दू कागदावर दातांसाठी रकाना एकच. गेल्या बारा महिन्यांत घरातलं कोण कितीदा दाताच्या डॉक्टरकडं गेलं, एवढंच. खाली बारीक अक्षरात दोन सूचना होत्या. सनद असलेलाच डॉक्टर धरावा, आणि हयात माणसांचीच नोंद करावी. दाढ दुखते का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

रखमाजी हा गावातला म्हातारा मेंढरंवाला. विस्तवावर काटेरी रिंगणीचं बी टाकायचा, दुखणाऱ्याला नळीनं तोंडात धूर घ्यायला लावायचा आणि लाळ पाण्याच्या परातीत सोडायला सांगायचा. पाण्यावर बारीक पांढरं काहीबाही तरंगायचं. कीड पडली, असं तो सांगायचा, आणि खरंच चार दिवस ठणका थांबायचा. गावातली निम्मी तोंडं त्याच्या धुरातून गेली होती. पण सनद त्याच्याकडं कुठली असणार, डोंबलाची! रामकिसननं एकशे अकरा घरांपुढं शून्य मांडलं होतं. उर्दूत शून्य म्हणजे नुसता एक ठिपका, टाक टेकवला की झालं.

औरंगाबादेला दातांचा डॉक्टर आहे असं ऐकून होते सगळे. पण बाईमाणसाच्या एका दाढेसाठी तेवढ्या लांब बैल हाणायचे, हे त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. दोन वर्षं सोनूबाई भाकरी दुधात कुस्करून गिळत होती.

“डॉक्टर कुठं येणार? जिथं दुखणं हाय तिथंच ना?” तिनं विचारलं.

“अक्का, रखमाजी डॉक्टर न्हाई. आन तुह्याच घरात मी आकडा मांडला तर लोक म्हणतील, बहिणीसाठी खोटं लिवलं.”

तिचा नवरा काकासाहेब साधा माणूस. त्यानं मेव्हण्याचीच री ओढली, सरकारी कागद आहे, खोटं नको म्हणाला. रामकिसननं ठिपका दिला आणि कागद दप्तरात बांधला. बहिणीच्या घरीसुद्धा आपण ढळलो नाही, याचा त्याला वाटभर अभिमान वाटत होता. हो, खोटं कशाला सांगा, वाटत होता.

वैशाखात हुकूम आला. चार नकला काढायच्या होत्या. पिंपळगाव रेणुकाईला अकरा भेटी, दोन बड्या घरांतली माणसं औरंगाबादेला जाऊन आली होती. केदारखेडा, घरे एकशे बारा, भेटी शून्य; सबब या गावी दातांची तक्रार नाही. खुर्ची पिंपळगावला जाणार.

रामकिसनचा हात थांबला. तक्रार नाही? ओसरीवरचा तो सुजलेला गाल त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो मूळ कागद घेऊन साहेबांच्या मेजापुढं गेला आणि केदारखेड्याबद्दल काही अर्ज आहे म्हणाला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद वाचला, चष्मा काढला, शून्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“रामकिसन, ये सिफर तुम्हारे ही हाथ का है ना?”

“जी हुजूर.”

“गलत है?”

आता काय सांगायचं? एकशे बारा घरांतलं एकही माणूस सनदी डॉक्टरकडं गेलं नव्हतं.

“बराबर है, हुजूर,” रामकिसन म्हणाला, आणि परत येऊन त्यानं चार नकला काढल्या.

दसरा झाला आणि काकासाहेबाचा सांगावा आला, की सोनूचं तोंडच उघडत नाही, अंगात ताप आहे. रामकिसन रजा टाकून धावला. गाडीत गवत पसरून त्यांनी तिला निजवलं. वाटेत एक मुक्काम करून पिंपळगावला पोचले, तेव्हा डॉक्टरचा शेवटचा दिवस होता. तरणा पोरगेला डॉक्टर, हैदराबादेकडचा. त्यानं तिच्या दातांत चमचा घालून पाहिला, चमचा जाईना. मानेवरची सूज चाचपली तसा त्याचा चेहरा उतरला. रामकिसनला बाजूला घेऊन तो म्हणाला, विष गळ्यात उतरलंय, इतके दिवस होतात कुठे तुम्ही?



डॉक्टरनं गालाला बाहेरून चीर देऊन पू काढला, जमेल तेवढं केलं. शेजारी कंपाउंडर नाव-गाव लिहून घेत होता. केदारखेडा म्हटल्यावर त्यानं समोरची यादी पाहिली आणि सहज बोलून गेला, उस गाँव में तो दाँत की शिकायतच नहीं. यादी रामकिसनच्या हातची होती. सोनूबाईनं भावाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्यानं सोसला असता. राग नव्हताच. दमलेली होती बिचारी.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली. काकासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तापानं गेली म्हणून सांगत होता.

पुढच्या माघात पुन्हा तेच कागद, तीच घरं. काकासाहेबाच्या ओसरीवर तो बसला. माणसं किती, तर पाचाची चार झाली होती. दाताच्या रकान्यावर टाक थांबला.

“सोनूचं धरायचं का रं भाऊ?” काकासाहेबानं विचारलं. “पिंपळगावला गेल्तो आपण.”

हयात माणसांचीच नोंद करावी, ही ओळ रामकिसनला तोंडपाठ होती. त्यानं एकचा आकडा लिहिला.

कचेरीत साहेबांच्या ते नजरेस आलंच. हे एक कुणाचं, असं त्यानं विचारलं. माझ्या बहिणीचं, हुजूर. हयात आहे? रामकिसननं नकारार्थी मान हलवली. साहेबानं आपल्या निळसर शाईनं मूळ कागदावरचा एक खोडला, वर ठिपका दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “कायदा तो तुम जानते हो, रामकिसन.”

जाणत होताच तो. त्याच्याइतकं कुणी जाणत नव्हतं. दुपारभर बसून त्यानं चार नकला काढल्या. गावामागून गाव उतरवत गेला. केदारखेडा आलं, घरे एकशे बारा लिहिलं, आणि भेटींचा रकाना त्यानं कोरा ठेवला. चारही नकलांत कोरा. वीस वर्षांत त्याच्या हातून मूळ कागदातलं एक अक्षर गळलं नव्हतं. पण ठिपका देणं काही त्याला जमलं नाही. कागद साहेबांच्या मेजावर ठेवून तो घरी गेला.

सकाळी आला तेव्हा नकला लखोट्यात घालायला त्याच्याच गादीवर ठेवलेल्या होत्या. कोऱ्या जागी कुणीतरी ठिपके देऊन टाकले होते, चारही ठिकाणी. शाई जरा निळसर होती. रामकिसननं कागदांच्या कडा जुळवल्या, घड्या घातल्या आणि लाख तापवायला ठेवली.