दोन दारांचा भाव

आमच्या सरांचं म्हणणं साधं होतं: जनावराला बोलता येत नाही, पण किंमत मोजता येते. म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरणीच्या पिंजऱ्याला दोन दारं केली. एकामागे दाणे, दुसऱ्यामागे तिची बहीण. दार ढकलून उघडायचं, आणि दोन्ही दारांवर रोज थोडं थोडं वजन चढवायचं. ज्या वजनाला उंदरीण ढकलणं सोडेल, तो त्या वस्तूचा भाव.

त्या दोघींना मी थोरली आणि धाकटी म्हणायचे. जनावरांना नाव द्यायचं नाही असा दंडक होता, पण मी बोटानं दूध पाजून वाढवलेल्या पोरी त्या. आकड्यानं हाक मारायला जीभ रेटेना.

प्रयोग थोरलीवर होता. वजन वाढत गेलं तरी ती बहिणीचंच दार ढकलत राहिली. आत जायची, धाकटीला बिलगायची. तिथे खायला काही नसे. धाकटीचं खाणं आम्ही दुसरीकडे उरकायचो. थोरलीला उचलून परत आणलं की पुन्हा तेच दार. अंगातली सगळी ताकद तिथेच खर्ची पडली. दाण्यांकडे ती फिरकेना.

"बहिणीच्या दाराचं यंत्र बिघडलंय, वजन लागतच नसणार," सर म्हणाले. "अन्नावर पाणी सोडणारं जनावर अजून जन्मायचंय."

"सर, बरगड्या दिसायला लागल्यात तिच्या. मी हातानं चार दाणे घालते."

"फुकट दिलं की बाजार संपला. भूक लागली की ढकलेल मुकाट्यानं."

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बिजागरी खोलली, तार तपासली. यंत्र ठणठणीत होतं. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा खोलायला लावलं. मी दाण्यांचा डबा परत फळीवर ठेवला. नोकरी प्यारी होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बहिणीच्या दारात मेलेली सापडली. डोकं पलीकडे, अंग अलीकडे. धाकटी तिचे कान चाटत होती. मला रडू आवरेना, आणि सरांचा इतका संताप आला की हातातली बाटली मी टेबलावर आपटली.

सर शांत होते. "धाकटीला घ्या या बाजूला. पलीकडची खोली रिकामी ठेवा. आता बहिणीची भानगड नाही, सरळ दाण्यांकडे जाईल."

मी तिला ठेवलं. दाणे हुंगायलाही ती थांबली नाही. थेट त्या दाराशी गेली, ढकलून आत शिरली, कोपरान् कोपरा शोधत फिरली. मी उचलून आणलं. ती पुन्हा गेली. काल राहिलेली हत्यारं न्यायला आलेला मिस्त्री बघत राहिला. सरांनी दारावर आणखी एक वजन चढवलं आणि रिकाम्या खोलीचा भाव लिहून घेतला.