ईराच्या वजनाची गाडी

ईरानं गाडीवर टांग टाकली. सीट दबलीच नाही. कालपर्यंत जमिनीवर टेकणारे तिचे पाय आज जेमतेम चवड्यांवर उभे होते.

बूढापारा मोहल्ल्यात घराखालीच भावाचं, शिशिरचं गॅरेज. उद्या गाडी ट्रकमध्ये चढणार होती, कोइंबतूरच्या शर्यतीसाठी, आणि चालवणार होती ईरा. नव्या बांधणीची ही सुपरस्पोर्ट मोटरसायकल आली तेव्हा भल्याभल्यांना आवरेना. जुनी गाडी इंजिन किंचाळल्याशिवाय जोर दाखवत नसे. ही मधल्या वेगातच असा हिसका देई, की वळणातून निघताना पुढचं चाक हलकं पडायचं. दोन्ही बाजूंचे नवे पंख वाऱ्याच्या जोरावर चाक दाबून धरत, पण तेही वेग चढल्यावरच. मधल्या त्या क्षणात गाडी सांभाळायची तर चालवणाऱ्याच्याच अंगाने. अभनपूरकडच्या एका बंद कारखान्याच्या आवारात ईरा उन्हाळाभर पडली, उठली, सीटखालच्या स्प्रिंगचा ताण जुळवत राहिली, तेव्हा कुठे गाडी तिचं ऐकू लागली.

हा ताण बसणाऱ्याच्या वजनावर लावतात. एकानं हेल्मेटसकट बसायचं, दुसऱ्यानं सीट किती खाली जाते ते टेपनं मोजायचं.

"दादा, स्प्रिंग कोणी कसली?"

शिशिर पाना पुसत राहिला. "ट्रॅकसाठी जराशी कडक केली."

"जराशी? तुयासारखा गडी बसला तरच दबते ही!"

"तुले पुढच्या वर्षी नेतो ना," तो मान खाली घालूनच म्हणाला.

निदान तोंडावर तरी सांगायचं! पण नाही. साहेबांनी गुपचूप आपल्या ढेरीपुरती जागा करून घेतली होती.

"माही सारी मेहनत खाऊन राहिला तू, आणि वरून..." ईरा ओरडता ओरडता थबकली. हा सीटवर होता, तर टेप कोणी धरली?

दारात आई उभी होती. हातात प्रवासासाठी भरलेला चिवड्याचा डबा, गळ्यात शिलाईची टेप. आजवर ईरा बसली की मोजायला आईच वाकत असे.

"मीच म्हटलं त्याले, या वेळी तू चालव," आई म्हणाली. "तू पडली तर मले सहन नाही होणार, पोरी."

"आणि दादा पडला तर?"

आईनं चिवड्याचा डबा बाकावर ठेवला.

ईरानं शिशिरच्या हातातला पाना ओढून घेतला, स्प्रिंग पूर्वीइतकी सैल केली, हेल्मेट चढवलं आणि पुन्हा सीटवर बसली. पाय जमिनीला लागले.

"मोज," ती आईला म्हणाली.

आईनं गळ्यातली टेप मुठीत घट्ट धरली. पुढे मात्र आली नाही.